पाठीवरची लोकर

मुकादम निरोप घेऊन आला तेव्हा मेंढ्या टाकीवर पाणी पीत होत्या. त्याने मोटरसायकल सावलीत लावली आणि सावली तेवढ्यातच संपल्यामुळे स्वतः उन्हात उभा राहिला. मालकाने सांगितले होते की यंदा सगळा कळप इथे खालीच कातरायचा. पोट, मांड्या आणि पाठसुद्धा. लोकरीचा ट्रक मैदानात येणार होता. वरच्या खोऱ्यातून पोती उतरवण्याची यातायात मालकाला नको होती.

मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकवून ऐकत राहिला. उत्तर त्याच्या बायकोने दिले. पाठ इथे कातरत नाहीत, असे ती म्हणाली.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला हे घर मालकाचा कळप घेऊन मैदानातून डोंगरातल्या खोऱ्यात चढे. घर म्हणजे मेंढपाळ, त्याची म्हातारी आई आणि तिची सून, म्हणजे मेंढपाळाची बायको. निघण्याआधी मेंढीच्या पोटाची आणि शेपटीखालची लोकर काढायची आणि पाठ तशीच ठेवायची, ही त्यांची रीत होती. वर पोचल्यावर खोऱ्यातला गारठा सरला, उन्हाने दगड तापू लागले, की मग पाठ उतरवायची. म्हातारीच्या सासऱ्याच्या आधीपासून हे असेच चालत आले होते, आणि ते कुणी कुणाला समजावून सांगितले नव्हते. चुलीत हात घालू नये हे जसे सांगावे लागत नाही, तसे.

मुकादमाने कपाळ पुसले. मालकाने म्हणे स्वतः रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकला होता. त्याने निवेदकाचा आवाज काढून दाखवला, "मैदानी भागात येत्या पंधरवड्यात तापमानात लक्षणीय वाढ." मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "एवढं कांबळं पांघरून तुम्ही चालाल का या उन्हात?"

"आणि खोऱ्याचं काय सांगितलं?" सुनेने विचारले.

"वरचं वरच्यांना. तुम्ही अजून खालीच आहात ना?"

तो अंदाज मेंढपाळानेही ऐकला होता. न्हाव्याच्या दुकानात, दाढीला साबण लावलेला असताना. मैदानी भागाचे सांगून झाले की न्हावी रेडिओ बंद करी आणि बाकावरची माणसे उठत. पुढे डोंगराळ भागाचे सांगत, पण तिथे कुणाला जायचे होते? मेंढपाळाला जायचे होते. तरी इतरांबरोबर तोही इतकी वर्षे उठत आला होता. खाली असताना खालचे ऐकायचे आणि वर गेल्यावर वरचे. वाटेवरच्या माणसासाठी रेडिओवर वेगळा भाग नसे.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती मुकादमाला म्हणाली, "बाबा, तू मोटरसायकलीवरून मेंढ्या हाकतोस. पूर्वीचे लोक उंटावरून हाकायचे म्हणतात. तुझी तेवढी प्रगती झाली."

मुकादम हसला. तो वाईट माणूस नव्हता. पण निरोप पुरा केल्याशिवाय त्याला जाता येत नव्हते. उकाड्याने मेंढी मेली तर ती हातची धरली जाईल, मालकाने तसे सांगून ठेवले आहे, एवढे तो शेवटी बोलला. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

मालक आणि मेंढपाळ यांच्यात कागद नव्हता, एक रीत होती. मेंढी मेली की तिचा खाच मारलेला कान कापून ठेवायचा आणि मालक आला की त्याच्यापुढे मांडायचा. वीज, पूर, दरड, लांडगा यांनी मेली तर ते आभाळाचे मरण. मालक स्वतःच्या हाताने कान उचलून घेई आणि विषय मिटे. हयगयीने मेली तर हातचे मरण. मग मालक कान उचलत नसे आणि मेंढपाळाच्या स्वतःच्या मेंढ्यांतून त्या कानापोटी एक मेंढी घेऊन जाई. मेंढीला मेंढी.

स्वतःच्या मेंढ्या होत्या जेमतेम दोन डझन. लग्नात सून माहेराहून एक मेंढी घेऊन आली होती, तिच्यापासून झालेल्या. त्यांच्या कानाला खाच नव्हती. या घराचे म्हणून जे काही होते ते एवढेच. राहते घर मालकाचे होते, हातातली काठी मालकाची होती, कळप मालकाचा होता, आणि पाण्याची टाकीही.

कातरणी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. पत्रा इतका तापे की खाली वाकलेल्या माणसाची मान भाजून निघे. सून मेंढीला ढुंगणावर बसवी, तिची पाठ आपल्या गुडघ्यांत धरी आणि गळ्यापासून कातर चालवत खाली येई. मेंढपाळ पाय धरी. म्हातारी जखमांवर राख दाबी. लोकरीचा मेणचट चिकटपणा कोपरापर्यंत चढे आणि त्याला माश्या येत. दुपारनंतर सुनेचा अंगठा वळेनासा झाला. तिने कातर चिंधीने हाताला बांधून घेतली आणि पुढे चालू ठेवले.

पाठीवर कातर घालताना मात्र प्रत्येक वेळी तिचा हात थोडा थांबे. पाठ उघडी झालेली मेंढी उठून उभी राहिली की वेगळीच दिसे. गुलाबी, हाडकुळी, कातडीवर कातरीच्या वाफ्यावाफ्यांच्या खुणा. इतर मेंढ्या तिला हुंगत आणि ओळखत नसत. कोकरेही आपल्या आईला ओळखेनात. दिवसभर शेडमध्ये नुसता आकांत चालू होता.

मुकादम पोत्यांवर बसून लोकर तोलून घेत होता. घरच्या मेंढ्यांची पाळी आली तेव्हा म्हातारीने सुनेच्या हातातली कातर काढून घेतली. "आपल्यांची पाठ ठेव," ती म्हणाली.

"आत्याबाई, मालक बोलतील."

"त्याच्यांची त्याने सांगितली, तशी काढली. आपल्यांची मी सांगते."

मुकादमाने ऐकले आणि मान दुसरीकडे वळवली. खाच नसलेल्या मेंढ्यांवर त्याचे काही चालत नव्हते.

ट्रक गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कळप निघाला. मैदानातली कुरणे करपली होती, थांबण्यात अर्थ नव्हता. सपाटीवरून चालताना मुकादमाचे म्हणणे खरे आहे असे वाटावे, इतके ऊन होते. उघड्या पाठी लाल झाल्या, काहींची कातडी सोलली. सून संध्याकाळी त्यांना तेल चोळी. नवरा म्हणाला, पाठीवर लोकर असती तर निदान भाजल्या नसत्या. पुढे चढ लागला. वाट घाटाघाटाने वर गेली, वारा गार झाला, मेंढ्या एकमेकींना चिकटून चालू लागल्या. म्हातारी घोंगडे पांघरून मागून येत होती. मध्येच थांबून ती आभाळाकडे बघे आणि पुन्हा चालू लागे.

खोऱ्याच्या तोंडाशी मालकाची सफरचंदाची बाग होती. नवी लागवड, माणसाच्या छातीइतकी झाडे, नुकतीच बोराएवढी फळे धरलेली. वाट बागेच्या कुंपणाला लागून जाई. कुंपणाशी पोचल्यावर मेंढपाळ थबकला. बागेत झाड दिसत नव्हते. ओळीच्या ओळी गोणपाटाच्या टोप्या उभ्या होत्या. प्रत्येक झाडाला एक टोपी, खाली खोडाशी सुतळीने बांधलेली.

राखणदार फाटकातून बाहेर आला. तो दर वर्षी त्यांना तंबाखू देई आणि खालच्या बातम्या विचारी. आज त्याने मेंढ्या पाहिल्या आणि तंबाखूची पिशवी खिशातच राहिली.

"अरे, या नागड्या कशा आणल्यात?"

मेंढपाळाने मालकाचा हुकूम सांगितला. राखणदार पुन्हा पुन्हा मेंढ्यांकडे आणि टोप्यांकडे बघू लागला. सुनेने विचारले, या टोप्या कधी घातल्या? त्याने सरळ सांगितले. त्यात लपवण्यासारखे काही आहे हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. मालकाचा फोन आला होता. रेडिओवर डोंगरातल्या खोऱ्यांसाठी सांगितले आहे, गारा पडतील, थंडी उतरेल, चार-सहा दिवस जपा. गोणपाट गोदामात होतेच. माणसे लावून टोप्या शिवून घेतल्या.

"फोन कोणत्या दिवशी आला, भाऊ?"

"आता दिवस कुठे लक्षात राहतोय, वहिनी. हां, मुकादम खाली तुमच्या कातरणीवर होता. म्हणून तर मालकांनी स्वतः फोन केला."

सुनेने पाठीवरचे ओझे खाली ठेवले. मालकाने अंदाज अर्ध्यावर बंद केला नव्हता. त्याने दोन्ही भाग ऐकले होते. पहिला भाग मुकादमाकरवी शेडमध्ये पाठवला आणि दुसरा राखणदाराला कळवला.

"त्यांना सुचलं नसेल," मेंढपाळ म्हणाला. "एवढा पसारा. माणूस विसरतो."

"झाडांचं सुचलं."

"तू लगेच वाकड्यात शिरू नकोस."

"मी सरळच बोलतेय. झाडांना टोपी घातली त्याच दिवशी मेंढीचा सदरा काढला. यात वाकडं काय ते तुम्ही दाखवा."

मागे परतायचे तर घाट उतरायला दिवस मोडणार होता, आणि पुढे वाडगे जवळ होते. वाडगे म्हणजे छातीएवढी दगडी भिंत, छप्पर नाही. निदान वारा अडेल म्हणून ते पुढे गेले.

दुपार कलताना वरच्या कड्यांमागून ढग उतरला. आधी वारा पडला, मग हवा एकदम विहिरीच्या तळासारखी गार झाली. पहिल्या गारा हरभऱ्याएवढ्या होत्या, मग सुपारीएवढ्या. मेंढ्या वाडग्याच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. उघड्या पाठींवर गारा पडल्याचा आवाज ओल्या कपड्यावर काठी मारावी तसा येत होता. गारांमागून बर्फाळ पाऊस आला आणि तो थांबेना. पाठ राखलेल्या घरच्या मेंढ्या मान खाली घालून उभ्या होत्या, त्यांच्या लोकरीवरून पाणी ओघळून जात होते. मालकाच्या मेंढ्यांना आधी कापरे भरले. ज्यांचे कापरे थांबले त्या गुडघ्यावर बसल्या. बसलेली मेंढी म्हातारी कानाला धरून उठवी आणि ती पुन्हा बसे.

पहिली आडवी झाली तेव्हा सुनेने कातर कमरेला खोचली आणि ती बागेकडे निघाली.

"बागेला हात लावू नकोस," नवरा मागून म्हणाला. "मेंढ्यांचं एक वेळ निभेल. बागेचं निभणार नाही."

ती थांबली. वळून म्हणाली, "मेंढी मेली की माझी मेंढी जाते. झाड मेलं तर काय जातं, याची अजून रीत पडलेली नाही. चला."

राखणदार फाटकात आडवा उभा राहिला. त्यालाही नोकरी होती, पोरेबाळे होती, आणि हे त्याने बोलून दाखवले. तिने त्याच्याशी हुज्जत घातली नाही. कुंपणाच्या तारेखालून ती आत शिरली आणि पहिल्याच झाडाची सुतळी कापली. टोपी उपसून खांद्यावर टाकली, दुसरी घेतली. थोड्या वेळाने मेंढपाळ आला. त्याच्या पाठोपाठ, काहीतरी पुटपुटत, राखणदारही आला आणि गाठी सोडू लागला. सुतळी कापू नका, पुन्हा लागेल, एवढेच त्याचे मागणे होते.

एका झाडाची टोपी एका मेंढीला नेमकी बसत होती. टोपीचे तोंड मानेवर ओढायचे, सुतळी पोटाखालून घ्यायची आणि पाठीवर गाठ मारायची. बोटे बधिर झाली होती, गाठ दिसायची पण हाताला लागायची नाही. सून दातांनी ओढून बांधी. सगळ्यांना टोप्या पुरल्या नाहीत. दुबळ्या, दुभत्या आणि गाभण आधी घेतल्या. उरलेल्यांना म्हातारीने घरच्या लोकरवाल्या मेंढ्यांच्या मध्ये रेटून बसवले. अंधार पडल्यावर पाऊस ओसरला, थंडी ओसरली नाही.

उजाडले तेव्हा वाडग्याच्या भिंतीलगत मेलेल्या मेंढ्या ओळीने पडल्या होत्या. मेंढपाळाने एकेकीचा कान कापला, पाण्यात धुतला आणि सपाट दगडावर ठेवला. सून ते बघत होती. कान सतरा झाले. तिने घरच्या मेंढ्यांकडे नजर टाकली. दोन डझनातून सतरा गेल्या तर मागे उरण्यासारखे काय होते, हे तिला बोटांवर करावे लागले नाही.

राखणदाराने मालकाला कळवलेच होते. दुपारच्या आत जीप आली. मालक आधी बागेत गेला. बराच वेळ तो ओळींमधून फिरला. टोप्या काढलेल्या झाडांखाली पाने आणि फळे गारांनी झोडून पडली होती. मग तो वाडग्याशी आला, मागे मुकादम. मालक मध्यमवयाचा, सौम्य आवाजाचा माणूस होता. तो कधी ओरडत नसे. ओरडण्याची गरज इतरांना पडते.

त्याने दगडावरचे कान पाहिले आणि ते उचलले नाहीत.

"ही हातची," तो म्हणाला.

मेंढपाळाने हात जोडले. रात्रीचे आभाळ कसे होते ते तो सांगू लागला. मालकाने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, आभाळाचा दोष केव्हा धरतात? आभाळ न सांगता कोसळले तर. इथे तर रेडिओने आधी सांगितले होते. साऱ्या जगाला सांगितले होते. खोऱ्यात गारा पडणार हे माहीत असताना कळप वर आणला, ही हयगय झाली. आणि दुसरे, त्याने घरच्या मेंढ्यांकडे बोट केले. स्वतःच्या मेंढ्यांची पाठ राखली आणि माझ्या कातरल्या. याचा अर्थ काय घ्यायचा?

घराचे शहाणपणच मेंढपाळाच्या गळ्यात धोंडा म्हणून बांधले जात होते. मुकादम जमिनीकडे बघत होता. सून त्याच्याकडे वळली.

"मुकादम, मी विचारलं होतं की नाही, खोऱ्याचं काय सांगितलं म्हणून?"

मुकादमाने मालकाकडे पाहिले. मालकाने त्याच्याकडे पाहिले नाही.

"इतकं कोण लक्षात ठेवतं, वहिनी," मुकादम म्हणाला.

पण ती काही बोलण्याआधी मालकाने बागेचा विषय काढला. फळांचे नंतर बघू, असे तो म्हणाला. रेडिओवर आजही तेच सांगितले आहे, दुपारनंतर पुन्हा गारा. त्याने हात मागे बांधले. "टोप्यांचं काय ते बघा."

"काय बघू?" सुनेने विचारले.

"तुम्हाला कळतं की."

"नाही कळत. आम्ही अडाणी. झाडांवर घालू की मेंढ्यांवर राहू देऊ, तेवढं तोंडाने सांगा."

मालक थोडा हसला. "तुम्ही राखणारे. तुमच्या हातात आहे."

तेव्हा ती दगडावर बसली. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. "मग आमच्या हातात काहीच नाही," ती म्हणाली. "हुकूम होईपर्यंत कोणी हलायचं नाही. काल हलले म्हणून आज हयगय झाली."

मेंढपाळ अस्वस्थ झाला. एका मेंढीची गाठ सुटून गोणपाट पायात येत होते, तो तिकडे सरकला. म्हातारीने त्याचे मनगट धरले. "बस," ती म्हणाली. तो बसला. राखणदार फाटकाकडे जाता जाता कुंपणालाच टेकला.

वरच्या कड्यांवर ढग जमत होता. मालकाने घड्याळ पाहिले, कड्याकडे पाहिले, बागेकडे पाहिले. मुकादमाला हळूच म्हणाला, तू सांग त्यांना. मुकादम म्हणाला, काय सांगू, साहेब? त्यालाही निरोप नेण्याआधी निरोप लागत होता. वारा पडला. गाठ सुटलेल्या मेंढीने एकदा अंग झाडले, गोणपाट खाली पडले, आणि तिची कातडी पाण्यावर लहर जावी तशी थरथरू लागली. कोणी उठले नाही. मेंढी मालकाची होती. कानाला त्याची खाच होती. सुनेच्या बोटांची नखे मांडीत रुतली होती, पण हात तिने उचलले नाहीत.

पहिली गार दगडावर पडून फुटली. मग जीपच्या टपावर वाजू लागल्या.

"मेंढ्यांवर राहू द्या," मालक म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

"मुकादम, ऐकलंत?"

मुकादमाने या वेळी कुणाकडे पाहिले नाही. "ऐकलं," तो म्हणाला. आणि जरा थांबून, उशिरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "कातरणीच्या दिवशीही तुम्ही विचारलं होतं. मी वरचं वरच्यांना म्हणालो होतो. पाठ काढायचा हुकूम यांचा होता."

मालकाचा चेहरा बदलला नाही. मुकादमाचे उद्या काय करायचे हे त्याने मनात नक्की केले असावे. उतरताना काठी परत करा, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघतो, असे तो मेंढपाळाला म्हणाला. मेंढपाळ हो म्हणाला. सून अजून बसलेलीच होती, आणि तिची नजर दगडावरच्या कानांवर होती. गारा कानांवर पडत होत्या, दोन कान उडून चिखलात गेले. सुटलेली मेंढी गुडघ्यावर आली.

मालक वाकला. चिखलातले दोन्ही त्याने आधी उचलले, मग दगडावरचे. एवढे मुठीत मावेनात, म्हणून त्याने ते रुमालात घेतले.

त्याबरोबर सून उठली. एका हाताने तिने गोणपाट ओढले, दुसऱ्याने मेंढीच्या पोटाखालून सुतळी काढली. तिच्यापाठोपाठ म्हातारी, नवरा, राखणदार सगळे वेगवेगळ्या मेंढ्यांना भिडले, मुकादमही चिखलात उतरला. तिची मेंढी धरायला कोणी नव्हते.

"मालक, मान धरा," ती म्हणाली.

त्याने रुमाल खिशात कोंबला आणि मान धरली. मेंढीच्या अंगाचे कापरे त्याच्या बाह्यांपर्यंत चढले.

"अशी नाही. सैल धरलीत तर निसटेल. दोन्ही हातांनी."

त्याने दोन्ही हातांनी धरली. तिने दातांनी गाठ ओढली, मेंढीला भिंतीकडे लोटले आणि पुढची त्याच्या हातात दिली.